पदवी नसलेला प्राध्यापक

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. देशातला हा या विषयाचा पहिला विभाग. त्याची सूत्रे हाती घ्यायला जे गृहस्थ आले ते स्कॉटलंडचे, वयाने पासष्टीला टेकलेले, विस्कटलेल्या केसांचे आणि भरघोस दाढीचे. बोलायला लागले की थांबत नसत आणि बोललेले निम्मे शब्द दाढीतच अडकत. शिक्षण जीवशास्त्राचे, तीस वर्षे नोकरी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची, कीर्ती नगररचनाकार म्हणून आणि मुंबईतली नेमणूक समाजशास्त्रात. यातली खरी गंमत पुढेच आहे. जन्मभर प्राध्यापक म्हणवल्या गेलेल्या या माणसाजवळ परीक्षा देऊन मिळवलेली एकही पदवी नव्हती.

त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते. बाकीच्यांना सहसा नसते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले ती मात्र आज आपल्या प्रत्येक घरात येऊन पोहोचली आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजात जाणारी मुले ‘फील्ड प्रोजेक्ट’ नावाचे काहीतरी करू लागली आहेत. वर्गाबाहेर जायचे, खरा प्रश्न पाहायचा आणि त्यावर काम करायचे, अशी त्यामागची अपेक्षा. (तो प्रोजेक्ट शेवटी झेरॉक्सच्या दुकानात कसा तयार होतो, हे आईवडिलांना वेगळे सांगायला नको.) हे खूळ गेडिस यांच्या डोक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी शिरले होते. त्यापायी त्यांनी काय मिळवले आणि काय गमावले, ते पाहण्यासारखे आहे.

जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. गांधीजींच्या आधी बरोबर पंधरा वर्षे. स्कॉटलंडमधले बॅलेटर हे जन्मगाव, पण बालपण गेले ते पर्थ शहराजवळच्या टेकडीवरच्या घरात. वडील फौजेतले. निवृत्तीनंतर त्यांनी मुलाला हाताशी धरले आणि बागकाम शिकवले, डोंगरातून पायी हिंडवले. शाळा होतीच, परंतु खरे शिक्षण बापाच्या मागे मागे चालण्यात झाले. मुलाने स्थिर नोकरी धरावी, ही घरच्यांची इच्छा. म्हणून पॅट्रिकने दीड वर्ष बँकेत खर्डेघाशीही केली. मग वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला आणि आठवड्याभरात परत आला. ज्याने झाडे वाढताना पाहिली होती त्याला ती वाळवून, चिकटवून, नावे घालून शिकवली जाणे सोसेना.

तिथून तो गेला लंडनला, थॉमस हक्सले यांच्याकडे. डार्विनचा कट्टर पाठीराखा म्हणून हक्सले यांचा त्या काळात दरारा होता. पॅट्रिकला मात्र तिथे गुरू कसा असावा याचा धडा मिळाला. गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यांच्या तोंडात खरवडणाऱ्या जिभेसारखा एक अवयव असतो. तो कसा चालतो याविषयी हक्सले यांनी जे मांडले होते ते चूक असल्याचे या पोराने दाखवून दिले. हक्सले यांनी स्वतः तपासून पाहिले, चूक मान्य केली आणि ते संशोधन विद्यार्थ्याच्याच नावाने प्रसिद्ध व्हावे अशी व्यवस्था केली. पाठीशी पदवी नसतानाही गेडिस पुढे प्राध्यापक होऊ शकले, त्याला अशा मोठ्या मनाच्या माणसांचा हातभार होता.

१८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असताना त्यांचे डोळे बिघडले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागले. जीवशास्त्रज्ञाचे सगळे आयुष्य सूक्ष्मदर्शकावर. ते संपले की काय, या भीतीत दिवस काढताना त्यांची बोटे खिडकीच्या तावदानांवरून फिरत असत. त्या चौकटींवरून त्यांना सुचले की, कागदाच्या घड्या घालून चौकोन करावेत आणि एकेका चौकोनात एकेक विचार ठेवून त्यांचे आपसातले नाते शोधावे. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणे आता जमणारे नव्हते. त्यांची नजर पेशींकडून माणसांकडे वळली. जिवाचे त्याच्या परिसराशी जसे नाते असते तसे माणसाचे त्याच्या गावाशी असते. स्थळ, काम आणि लोक ही तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय कुठलेच गाव कळत नाही, हे त्यांच्या साऱ्या विचाराचे बीज. घड्यांच्या कागदांनी मात्र पुढे जन्मभर त्यांच्या श्रोत्यांना छळले, हेही सांगायला हवे.

१८८६ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी अ‍ॅना मॉर्टन ही लिव्हरपूलच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी, संगीतात गती असलेली. हे जोडपे थोड्याच दिवसांत राहायला गेले एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्टमध्ये. ही वस्ती आपण डोळ्यांसमोर आणू शकतो. आपल्या जुन्या चाळींसारख्याच, पण त्यांहूनही उंच अशा दगडी इमारती, मधला कोंदट चौक, अंधारे जिने, एकेका खोलीत एकेक कुटुंब. सधन लोक नव्या शहरात निघून गेले होते आणि मागे गरिबी, घाण व रोगराई उरली होती. विद्यापीठ तिथून हाकेच्या अंतरावर. परंतु विद्यापीठाचा त्या वस्तीशी काही संबंध आहे असे कुणाला वाटत नव्हते.

गेडिस पतिपत्नींनी व्याख्याने दिली नाहीत. हाती झाडू घेतला, चुन्याच्या बादल्या घेतल्या. आधी आपले घर, मग जिना, मग चौक. शेजारी आधी गंमत बघत राहिले, मग मदतीला आले. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या दिसू लागल्या. पाठोपाठ १८८७ मध्ये गेडिस यांनी त्याच भागात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहायचा, वर रेक्टर नाही. अशी सोय ब्रिटनमध्ये तोवर नव्हती. पण नवेपणा तेवढ्यातच नव्हता. मुले राहायची ती त्या मोडकळलेल्या वस्तीच्या मध्यावर. त्यातली बरीचशी वैद्यकीय शिक्षण घेणारी. ज्या रोगांची नावे ती वर्गात पाठ करीत होती ते रोग समोरच्या जिन्यात राहत होते. डागडुजी, रंगरंगोटी, परसातली बाग यांत मुलांनी हात घालायचा, शेजाऱ्यांना ओळखायचे आणि ही घरे अशी का झाली हे स्वतःच शोधायचे. एक पडझड झालेला वाडा दुरुस्त करून वसतिगृहाला जोडला गेला. जगता जगताच आपण शिकतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिथल्या कमानीवर कोरलेले आहे.

याच रस्त्यावर १८९२ साली गेडिस यांनी एक जुना मनोरा ताब्यात घेतला. ‘आउटलुक टॉवर’ या नावाने तो जगप्रसिद्ध झाला. पाहुणा आला की गेडिस त्याला आधी धावतपळत थेट शेवटच्या मजल्यावर नेत. छाती धपापत असतानाच अंधाऱ्या खोलीत शिरायचे. तिथे भिंगाच्या आणि आरशाच्या साह्याने पांढऱ्या गोल टेबलावर अख्खे शहर हलताना दिसे. रस्ते, धूर, घोडागाड्या, माणसे. मग बाहेरच्या सज्जात येऊन तेच शहर उघड्या डोळ्यांनी पाहायचे. त्यानंतर एका लहानशा रित्या खोलीत खुर्चीवर एकटे बसून पाहिल्याचा विचार करायचा. मग एकेक मजला खाली. पहिल्यांदा एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर जग. आपल्या शाळांचा भूगोलही तालुका, जिल्हा, राज्य असा चढत जातो. फरक एवढाच की गेडिस यांच्या मनोऱ्यात तालुका नकाशात दिसण्याआधी डोळ्यांना दिसायचा.

मनोरा नुसता बघण्यापुरता राहिला नाही. तिथल्या मंडळींनी जुन्या शहराची पायी पाहणी केली आणि इमारतींच्या बेचक्यांत पडून राहिलेल्या ७६ मोकळ्या जागा शोधून काढल्या. सगळ्या मिळून दहा एकर भरल्या. जिथे श्वास घ्यायला जागा नाही असे सगळे समजत होते, तिथली ही दहा एकर. त्यांतल्या काही जागांवर वस्तीतल्या मुलांसाठी बागा झाल्या. गेडिस यांची मोठी मुलगी नोरा या कामात पुढे होती. गेडिस यांच्या शिकवण्याचे सार या आकड्यात आहे, असे मला वाटते. आधी चालायचे, मोजायचे, विचारायचे. डॉक्टर जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही तसे गाव पाहिल्याशिवाय उपाय सुचवायचा नाही.

विद्यापीठाला हे सगळे पटले का? १८८८ मध्ये एडिंबरोच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. एका धनिक मित्राने तेव्हा डंडीच्या कॉलेजात त्यांच्यासाठी खास एक जागा निर्माण केली. तीत शिकवायचे फक्त उन्हाळ्यातले तीन महिने, उरलेले नऊ मोकळे. १९१९ पर्यंत ते या नोकरीत होते. मोकळ्या महिन्यांत उद्योग वाढत गेले आणि कर्जही वाढत गेले. हिशोब, वसतिगृहे, पाहुणे, तीन मुलांचे शिक्षण हे सगळे अ‍ॅनाने सांभाळले. अशा माणसांच्या चरित्रात बायकोचा उल्लेख एका ओळीत होतो. इथे ती नसती तर पहिल्या पाच वर्षांतच दिवाळे वाजले असते.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हिंदुस्थानात बोलावले. शहरांविषयीचे त्यांचे प्रचंड प्रदर्शन, नकाशे, चित्रे, आराखडे, बोटीने पुढे निघाले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ज्या ‘एम्डेन’चे नाव असे त्या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. मित्रांनी धावपळ करून नवे प्रदर्शन जमवले आणि १९१५ च्या जानेवारीत ते मद्रासला उघडले. पुढली काही वर्षे गेडिस या देशात वणवण हिंडले. मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर त्यांनी अहवाल लिहिला. तंजावर, मदुरा, बडोदे, लाहोर, लखनौ, बलरामपूर अशी यादी लांबत जाते.

तेव्हाच्या इंजिनियरांची पद्धत साधी होती. दाट वस्ती दिसली की नकाशावर पट्टी ठेवायची आणि सरळ रुंद रस्ता आखायचा. शेकडो घरे पडत आणि तिथली माणसे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने कोंबली जात. गेडिस तोच नकाशा घेऊन गल्लीबोळांतून चालत. कुठे पडके घर, कुठे ओसाड अंगण, कुठे विहीर, कुठे पाराचा पिंपळ हे टिपत. पडक्या चार भिंती काढल्या, कोपरा थोडा मोकळा केला की हवा खेळते, मंदिर वाचते, झाड वाचते आणि खर्च कितीतरी कमी. डास होतात म्हणून तलाव बुजवायला निघालेल्यांना ते सांगत की तलावात मासे आणि बदके सोडा, तलाव गावाला गारवा देतो. गेल्या शतकभरात आपण आपल्या गावांतले किती तलाव बुजवून त्यांवर बस स्टँड बांधले, ते आठवून पाहावे.

१९१७ हे वर्ष घातचक्राचे ठरले. त्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलास्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. वय अवघे पंचविशीचे. वडिलांच्या कामाचा वारस तोच होता. तार आली तेव्हा अ‍ॅना तापाने अंथरुणाला खिळलेली होती. गेडिस यांनी तिला काही कळू दिले नाही. तिच्या उशाशी बसून ते मुलाची जुनी पत्रे वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यात ती गेली. मुलगा गेल्याचे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हते.

याच सुमाराला ते इंदूरच्या कामात गुंतले. गादीवर तुकोजीराव होळकर, शहरात प्लेगची साथ. दाढीवाला गोरा साहेब हातात नकाशा घेऊन गल्लीत शिरला की बायका दारे लावून घेत. चौकशी केल्यावर कळले की हाच प्लेग आणतो, असा लोकांचा समज झाला आहे. साहेब नकाशावर खूण करतो आणि मग घर पाडले जाते, हा अनुभव गाठीशी होता. यावर गेडिस यांनी दरबारकडे एक अजब मागणी केली. मला एक दिवसाचा महाराजा करा. ती मान्य झाली.

मग दवंडी पिटली गेली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील त्या रस्त्याने ती जाईल. घरातला केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. हजारो गाड्या केर निघाला, हजारो उंदीर पकडले गेले. कुठल्याच मोहल्ल्याला मागे राहायचे नव्हते. मिरवणुकीत आधी हत्ती, उंट, घोडे. मग बेसूर वाद्यांच्या गजरात रोगराईची सोंगे, घाणीचा अगडबंब राक्षस आणि पिसवांनी वळवळणारा प्लेगचा प्रचंड उंदीर. मग जराशी शांतता. त्यानंतर सुरेल वाद्ये आणि त्यांच्यामागे शहरातले सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, नवी पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा, नव्याने रंगवलेल्या कचरागाड्या, शिंगे रंगवलेले बैल. ज्यांची सावली टाळली जात होती ती माणसे दिवाळीच्या मिरवणुकीत मानाने चालत होती. त्यांच्या मागून लक्ष्मीच्या रूपातली इंदूरनगरी, सोबत शहराचा नवा आराखडा. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. साहेब दिसला की दारे लावणारे लोक आता त्याला वाट दाखवू लागले.

इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. त्यात गटारे, घरे, बागा यांबरोबर चक्क एका विद्यापीठाची योजना आहे. घोकंपट्टी आणि परीक्षा यांनी पोखरलेल्या शिक्षणावर त्यात कडक टीका आहे. विद्यापीठाने शहरापासून अंग चोरू नये, शहराचे प्रश्न हाच त्याचा अभ्यास व्हावा, असा सगळा रोख. ते विद्यापीठ कागदावर राहिले.

अशी उमेद घेऊन गेडिस मुंबईला आले खरे, पण इथे गाडी अडली. विद्यार्थी मोजके. विद्यापीठाला हवी होती प्रश्नपत्रिका आणि गेडिस यांना नको होती नेमकी तीच. दोष एकट्या विद्यापीठाचा म्हणता येणार नाही. वर्षातले काही महिनेच ते मुंबईत असत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या आराखड्यापासून नाना कामे त्यांनी अंगावर घेतली होती. वर्गात एका विषयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात उडी. कागदाच्या घड्या चालूच. त्यांचे बोलणे लिहून घेणे म्हणजे पावसाचे पाणी ओंजळीत धरण्यासारखे. ज्याला स्वतःहून शोधायची तहान आहे त्याला त्यातून अपार मिळे. ज्याला परीक्षा पास व्हायची आहे त्याच्या हाती काही लागत नसे, आणि असाही विद्यार्थी विद्यापीठात येतो, त्यालाही शिकवावे लागते, याचा विचार त्यांनी कधी केला नाही. अमेरिकन लेखक लुइस ममफर्ड हा त्यांचा सर्वांत गाजलेला शिष्य. १९२३ मध्ये दोघे न्यूयॉर्कला भेटले, तेव्हा म्हाताऱ्या गुरूला त्याच्यात आपला गेलेला मुलगा दिसू लागला. त्याने आपले अर्धवट लेखन हाती घेऊन पुरे करावे, अशी त्यांची धडपड. ममफर्ड यांनी ते नाकारले, मात्र पुढे स्वतःच्या मुलाचे नाव गेडिस ठेवले.

१९२४ मध्ये तब्येत ढासळल्यावर त्यांनी मुंबई सोडली. फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए गावाबाहेरच्या खडकाळ टेकडीवर त्यांनी पुन्हा एक वसतिगृह-विद्यालय उभारले, पुन्हा मनोरा, पुन्हा बाग, पुन्हा कर्ज. १९१२ मध्ये नाकारलेला ‘सर’ हा किताब १९३२ मध्ये त्यांनी स्वीकारला. त्यासाठी ऐन थंडीत लंडनची वारी केली आणि परतल्यावर १७ एप्रिल रोजी माँपेलिएलाच ते वारले.

मुंबईतल्या त्या थोड्या दिवसांत एक गोष्ट मात्र घडली होती. १९१९ साली त्यांच्या व्याख्यानांना मालवणचा एक तरुण येऊन बसत असे. संस्कृतचा एम. ए., एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा. परदेशी शिष्यवृत्तीसाठी उमेदवार निवडायचा होता. त्याने निबंध लिहिला, आणि विषय होता मुंबई. हे शहर म्हणून कसे आहे, याचा अभ्यास. गेडिस यांनी त्याची शिफारस केली आणि गोविंद सदाशिव घुर्ये विलायतेला गेले. केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९२४ मध्ये गेडिस यांच्या जागी विभागप्रमुख झाले. १९५९ पर्यंत त्यांनी भारतीय समाजशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या. स्वतः ते ग्रंथांत रमणारे, शिस्तीचे कडक, स्वभावाने गेडिस यांच्या अगदी उलट. तरी विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी आपापल्या प्रदेशांत आणि जातीजमातींत पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या हाताखाली १९२८ साली एका विद्यार्थिनीने चित्पावनांवर प्रबंध लिहून एम. ए. केले. पुढे जर्मनीहून डॉक्टरेट घेऊन ती आली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मोजमापाची साधने बरोबर घेऊन खेडोपाडी, धनगरांच्या आणि आदिवासींच्या वस्त्यांतून आयुष्यभर हिंडत राहिली. त्या इरावतीबाई कर्वे.